खंडेनवमीचा जनरेटर

“हे धूड उद्या कुणाच्या नजरेला पडता कामा नये,” असं म्हणून कोरगावकर साहेबांनी जनरेटरला बुटाची लाथ हाणली.

अष्टमीची दुपार होती, दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. खरसुळ्याच्या माळावर आमच्या कंपनीचा मोबाइल टॉवर उभा होता आणि त्याच्या पायथ्याशी, कुंपणाच्या आत, पत्र्याच्या शेडमध्ये हा जनरेटर. शेडला साहेबांनी हिरवा रंग देऊन वर ‘भांडार’ असं लिहून घेतलं होतं. फाटकावर मात्र भली मोठी पाटी होती : ‘डिझेलमुक्त टॉवर. स्वच्छ हवा, स्वच्छ संवाद.’ मी त्या टॉवरचा टेक्निशियन, अंकुश हुबाले. पाटी पुसायचं काम माझं आणि जनरेटर चालवायचं कामही माझंच.

“कुणाच्या तरी कडब्याच्या पेंढ्या आण आणि शेडच्या तोंडाशी रचून टाक,” साहेब म्हणाले. “पुण्याहून सोमण मॅडम येणार आहेत. कंपनी किती धूर सोडते आणि किती वाचवते ते त्या तपासतात. त्यांना एकदा हा टॉवर पटला की असेच शंभर टॉवर माझ्या हाताखाली येतील. कळलं?”

“कळलं. किती वाजता यायच्यात?”

“दहाला. बाराला जेवण, एकला गाडीत. तू पहाटे चारला हा सुरू कर आणि आठला बंद कर. बॅटऱ्या भरल्या की दुपारपर्यंत काही मरत नाहीत.”

“उद्या खंडेनवमी आहे, साहेब.”

“मग पूजा कर की! हार घाल, नारळ फोड. मॅडमना आवडेल.” एवढं बोलून ते जीपमध्ये बसले आणि धुरळा उडवत गेले.

माझं बोलणं त्यांना कळलंच नाही. खंडेनवमीला हत्यारांची पूजा करतात आणि पूजा झाली की त्या दिवशी हत्यार चालवत नाहीत. सुताराचा रंधा, लोहाराचा घण, शिवणाऱ्याचं मशीन, सगळं हळदकुंकू लावून गप्प बसवतात. ही गोष्ट आमच्या भागात शेंबड्या पोराला माहीत असते, आणि साहेबांना तर चांगलीच माहीत होती. आदल्या वर्षी याच दिवशी शेजारच्या डोंगरवाडीचा टॉवर बंद पडला, तेव्हा तिथल्या देवकुळे तात्यांनी पूजेतला पाना उचलून तो पंधरा मिनिटांत सुरू केला होता. साहेबांनी शाबासकी द्यायची सोडून आम्हा बारा टेक्निशियनांसमोर त्यांना झापलं. “म्हातारे झालात, पण देवाधर्माची अक्कल नाही? पूजेतलं हत्यार उचलता? यापुढं माझ्या हाताखालच्या एकानंही खंडेनवमीला हत्याराला हात लावलेला मला चालणार नाही!” तात्या खाली मान घालून उभे होते. ते सगळं मला शब्द न् शब्द आठवत होतं, आणि जीपचा धुरळा खाली बसेपर्यंत माझा बेत ठरला होता.

हा जनरेटर लागायचा कशाला, ते सांगायला हवं. त्या काळी आमच्याकडे गावठाणाच्या लाइनची वीज मध्यरात्री गेली की दुसऱ्या दिवशी दुपारी चारलाच यायची. टॉवर त्या लाइनवर. मधल्या वेळात सौर पाट्या आणि बॅटऱ्या यांनी तो चालवायचा, म्हणजे डिझेल जाळायला नको, अशी कंपनीची योजना होती आणि योजना खरंच चांगली होती. पण खरसुळ्यासाठी आलेल्या नव्या बॅटऱ्या कुठं गेल्या ते कोरगावकरांना ठाऊक. आमच्या इथं बसल्या त्या दुसरीकडून काढलेल्या, आयुष्य संपलेल्या. पाट्या जेमतेम निम्मा भार उचलायच्या. रोज पहाटे चार तास जनरेटर चालवला नाही तर अकराच्या सुमाराला टॉवर मान टाकायचा. जनरेटर आपोआप सुरू व्हायची सोय साहेबांनी काढून घेतली होती, कारण ते कंपनीच्या कॉम्प्युटरवर दिसलं असतं. म्हणून माझा हात लागायचा.

आणि इथं जळणारं डिझेल यायचं डोंगरवाडीच्या नावावर. देवकुळे तात्यांच्या नावावर.

महिपती देवकुळे म्हणजे तात्या. मला हे काम त्यांनी शिकवलं. आयटीआयचा कागद घेऊन आलो तेव्हा मला पान्याचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं हेही धड कळत नव्हतं. तात्यांचं शिक्षण सातवी. पण डोंगरवाडीच्या टॉवरवर त्यांनी जे केलं होतं ते पुण्याच्या इंजिनियरांना सुचलं नव्हतं. टॉवरखालच्या खोलीतली यंत्रं गार ठेवायला रात्रंदिवस एसी लागतो आणि निम्मी वीज तोच खातो. तात्यांनी एसी बंद केला. समोरासमोरच्या भिंतींना झरोके पाडले, त्यांवर गोणपाट ताणलं, एका बाजूला पंखा लावला. भिंतींना चुना फासला, छतावर घेवड्याचा वेल चढवला. सौर पाट्यांवर धूळ बसली की वीज कमी होते, म्हणून एक दिवसाआड पाट्या धुवायचे. पाण्याचा कॅन छतावर ठेवायचा आणि चार हात लांब हिरव्या नळीनं पाणी खाली ओढायचं. तालुक्यात सगळ्यात कमी डिझेल त्यांच्या टॉवरला लागायचं. घेवडा आम्ही सगळ्यांनी खाल्लाय.

गोणपाटाचे झरोके कोरगावकरांनी उचलले, खरसुळ्याच्या खोलीलाही पाडले आणि ‘माझी कल्पना’ म्हणून पुण्याला फोटो पाठवले. तात्यांनी त्यावर ब्र काढला नाही. पण आपल्या टॉवरच्या नावावर दुप्पट डिझेल दिसतंय हे कळल्यावर मात्र त्यांनी साहेबांना विचारलं. एकदा तोंडी विचारलं, दुसऱ्यांदा लेखी. महिन्याच्या आत तात्यांवर डिझेलचोरीची चौकशी बसली. पेटीत ती हिरवी नळी सापडली. टाकीतून डिझेल ओढायची नळी, असं ठरलं. नळीला डिझेलचा वास येत होता अशी एका साक्षीदाराची लेखी साक्ष झाली. त्या नवमीच्या आठ महिने आधी तात्यांना काढलं, आणि साहेबांनी ती नळी सगळ्यांदेखत त्यांच्या अंगावर फेकली.

तात्या खरसुळ्याचेच. गावात त्यांचं नाव नळीतात्या पडलं. एसटीच्या थांब्यावर ते उभे असले की मागून कुणीतरी तोंडानं सुर्रकन ओढल्याचा आवाज काढायचं. तो आवाज मी दोनदा ऐकला आणि दोन्ही वेळा रस्ता बदलला. साहेबांचा मला असा संताप यायचा की पाटी पुसताना वाटायचं, हिच्यावर शेण फासावं.

संध्याकाळी तात्यांच्या घरी गेलो. काम सुटल्यापासून ते शेतकऱ्यांच्या पंपांना मोबाइलचे स्टार्टर बसवून द्यायचे. घरातून फोन लावला की शेतावरची मोटार चालू, परत लावला की बंद. ओट्यावर एक डबा उघडून ते तारा जोडत बसले होते.

“तात्या, उद्या पूजेला या.”

“कसल्या?”

“टावरच्या. जनरेटरच्या.”

“सायबानं बोलावलंय?”

“मी बोलावतोय.”

ते हसले. “नळीतात्या आला म्हणत्याल की पोरं.”

“उद्यापासनं न्हाई म्हणायची.”

तात्यांनी हातातला डबा बाजूला ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिले. त्यांना फार सांगावं लागत नसे. “पहाटं चालवणार न्हाईस तू.”

मी मान हलवली.

“मग टावर कवा बसंल?”

“अकराच्या सुमाराला. पाव्हणी समोर असताना. मग सायबाला दोनच वाटा. एक तर मेलेला टावर दाखवायचा, न्हाईतर जनरेटर लाव म्हणून सांगायचं. लाव म्हणला की त्या बाईंच्या म्होरं इचारायचं, सायेब, ह्यातलं डिझेल कुणाच्या नावावर आलं?”

“कोण इचारणार?”

“मी.”

“तू,” तात्या म्हणाले. मग परत डबा मांडीवर घेतला. “बरं. येतो. कोण कोण काय काय बोलतंय, बगू दे मला.”

त्यांच्या मागच्या भिंतीवर, खुंटीला ती हिरवी नळी टांगलेली होती. मी नजर काढून घेतली आणि निघालो.

नवमीला पहाटे उठून टॉवरवर गेलो. जनरेटर धुतला, पुसला. झेंडूचा जाडजूड हार घातला, वर हळदकुंकवाची बोटं ओढली, पुढं पाने, पक्कड, टेस्टर मांडले, नारळ फोडला. चार वाजले, पाच वाजले, सहा वाजले. रोज त्या वेळी माळावर धडधड चालू असायची. त्या दिवशी टिटवी ओरडलेली ऐकू आली. खोलीतल्या मीटरवरचा बॅटरीचा आकडा हळूहळू उतरत होता आणि मला इतका आनंद होत होता की उरलेलं खोबरं मी एकट्यानं खाल्लं. मग पेंढ्या रचल्या.

साडेनऊला साहेब आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळाला गंध.

“झालं सगळं?”

“पूजा झाली, साहेब.”

“शाब्बास!” त्यांनी पेंढ्यांकडे बघून मान हलवली. चालवलास का, असं विचारायचं त्यांना सुचलं नाही. मी कधी नाही म्हटलेलं त्यांना माहीतच नव्हतं.

सोमण मॅडम दहाला आल्या. पन्नाशीच्या, सुती साडी, पायात चपला, खांद्याला झोळी. गावची चाळीस-पन्नास माणसं कुंपणाच्या आत घातलेल्या मांडवात जमली होती. तात्या दुसऱ्या रांगेत येऊन बसले. त्यांना बघून साहेबांचा चेहरा आंबट झाला, पण पाहुणीसमोर हाकलणार कसं? तात्यांच्या मांडीवर कापडी पिशवी होती.

साहेबांनी मॅडमना पाट्या दाखवल्या, खोली दाखवली, गोणपाटाचे झरोके दाखवले. “ही माझी कल्पना. एसी काढून टाकला, मॅडम.”

“गोणपाटच का? जाळी का नाही?” मॅडमनी विचारलं.

साहेब अडखळले. “ते... आपलं देशी आहे, म्हणून.”

मागोमाग आलेल्या लोकांतून तात्या म्हणाले, “जाळीतनं धूळ आत येती, बाई. गोणपाट धूळ धरतं. आन उन्हाळ्यात जरा वलं केलं की वारं गार होतंय.”

मॅडमनी वळून त्यांच्याकडे पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. साहेबांनी घाईघाईनं भाषण सुरू केलं.

मॅडम स्वतः थोडंच बोलल्या. म्हणाल्या, “टॉवरचा धूर हा कंपनीचा धूर आहे, तो कमी करणं आमचं कामच आहे. पण तुमचा धूर कमी करायलाही फोनचा उपयोग व्हावा असं आम्हाला वाटतं. कोंडाबाई, तुम्ही मोटार चालू करायला आधी काय करायचात?”

फोनवरून मोटार चालवून दाखवायला बोलावलेल्या कोंडाबाई सरगर पुढं आल्या. डोईवर पदर, हातात साधा फोन. त्यांचं शेत ओढ्यापलीकडे, वळसा घालून जायला अर्धा तास. “आधी पुतण्याच्या हातापाया पडायची,” त्या म्हणाल्या. “त्यो फटफटी घेऊन जायचा, मोटार लावायचा. परत तासानं बंद कराया जायचा. लाइट गेली की पुन्यांदा. दिसाला चार-चार खेपा. आता बसल्या जागी फोन लावती. तात्यांनी डबा बसवून दिलाय.”

“दाखवा बरं.”

शेतीच्या लाइनला वीज आठलाच आलेली असायची. कोंडाबाईंनी फोन लावला. पलीकडून मोटार चालू झाल्याचा आवाज आला. टाळ्या पडल्या. “पाचच मिनटं लावती हं,” त्या म्हणाल्या. “कालच कांद्याचं बी टाकलंय वाफ्यात. नुसतं भिजण्यापुरतं पाणी.”

साहेब पुन्हा बोलायला उभे राहिले. माझं लक्ष घड्याळात होतं. अकरा वाजून सात मिनिटांनी खोलीतला पंखा थांबला. तो आवाज बंद झालेला आम्हा दोघांनाच कळला, मला आणि तात्यांना.

“आता बंद करती,” कोंडाबाई म्हणाल्या आणि फोन कानाला लावला. मग समोर धरून बघितला. परत कानाला लावला. “अगं बया. कांडीच न्हाई.”

मांडवातले सगळे फोन खिशांतून बाहेर आले. एकावरही रेंज नव्हती.

साहेब माझ्याजवळ आले. तोंडावर हसू तसंच ठेवून दातांतून म्हणाले, “चालवला नव्हतास?”

“खंडेनवमी ना, साहेब. पूजेतल्या हत्याराला हात लावायचा न्हाई. तुम्हीच सांगितलं होतं.”

त्यांच्या गालाची शीर उडायला लागली. मी ज्याची वाट बघत होतो ते हेच, आणि खरं सांगतो, मला ते गुळासारखं गोड लागलं. “लाव आत्ता,” ते पुटपुटले. मी मुद्दाम मोठ्यानं म्हणालो, “काय लावू, साहेब?” ते गर्रकन मागं फिरले. “किरकोळ तांत्रिक बिघाड आहे, मॅडम. आपण जेवून घेऊ.”

“कसलं जेवताय?” कोंडाबाई कडाडल्या. “माझं बी वाहून चाललंय तिकडं! आवो, मोटार बंद करायची कशी?”

“माझी जीप पाठवतो, मावशी.”

“जीप पाठवून मोटार बंद करायची,” मॅडम शांतपणे म्हणाल्या, “म्हणजे आपण इथं काय वाचवलं, कोरगावकर?”

“आन जीप जाईस्तवर काय ऱ्हातंय?” कोंडाबाई शेडकडे हात करून ओरडल्या. “जनरेटर लावा की! रोज पहाटं धडधडतोय, माझी म्हस दावं तोडती त्याच्या आवाजानं, आन आज गरज हाय तर मुका झालाय व्हय!”

मांडवातल्या सगळ्या माना शेडकडे वळल्या.

मॅडम उठल्या, शेडपाशी गेल्या आणि स्वतःच्या हातानं एक पेंढी ओढली. दुसरी ओढली. आत माझा जनरेटर नवरदेवासारखा सजून बसला होता. मॅडमनी त्याच्या अंगावर तळवा ठेवला.

आणि साहेबांचा चेहरा उजळला. “बघा मॅडम, गार आहे ना? कालपासून हात लागलेला नाही. जुना आहे, नुसता पूजेला ठेवलाय. वर्षभरात चालवलेलाच नाही. बाईंचा काहीतरी गैरसमज झालाय.”

जनरेटर गारच होता. तो मीच गार ठेवला होता. सापळा मी लावला आणि साहेब त्यातून साळसूदपणे बाहेर पडत होते. आता बोलायची वेळ माझी होती. एकच प्रश्न विचारायचा होता, आदल्या रात्री तो मी दहा वेळा घोकला होता. तोंड उघडलं. पण त्या प्रश्नाच्या मागोमाग काय येणार हे मला दिसलं आणि मी ते परत मिटलं. तात्या माझ्याकडेच बघत होते. मग पिशवी काखेत मारून उठले.

ते शेडमध्ये आले, जनरेटरच्या गळ्यातला हार काढला आणि माझ्या हातात दिला.

“देवकुळे, पूजा झालीय त्याची!” साहेब ओरडले.

“व्हय. गेल्या सालागत शिव्या घाला मला,” तात्या म्हणाले. “पर बाईचं बी वाहून चाललंय.” आणि त्यांनी किल्ली फिरवली.

वर्षभर न चाललेला तो जनरेटर पहिल्याच झटक्याला उठला. भकभक काळा धूर ‘भांडार’ या अक्षरांवरून वर गेला आणि मॅडमच्या पांढऱ्या पदरावर काजळी बसली. थोड्या वेळानं फोन वाजायला लागले. कोंडाबाईंनी मोटार बंद केली आणि तिथंच जमिनीवर बसल्या.

मॅडमनी टाकीचं झाकण उघडून आत बघितलं. “काठोकाठ भरलीय. या टॉवरला दोन वर्षांत एक थेंब डिझेल दिलेलं नाही, असं माझ्याकडच्या कागदात आहे. हे आलं कुठून?”

“डोंगरवाडीच्या नावावरनं,” तात्या म्हणाले. “तिथं मी व्हतो. जाळलं हितं, आन चोर मी झालो.”

“खोटं आहे, मॅडम!” साहेबांचा आवाज चिरकला. “याच्यावर रीतसर चौकशी झालीय. याच्या पेटीत टाकीतून डिझेल ओढायची नळी सापडलीय. लेखी साक्ष आहे. पाहिजे तर आत्ता विचारा साक्षीदाराला, हा काय तुमच्यासमोर उभा आहे. अंकुश हुबाले. नळीला डिझेलचा वास येत होता असं यानंच लिहून दिलंय!”

हो. तो साक्षीदार मीच.

हे आधी सांगायला हवं होतं, पण जे मी आठ महिने स्वतःलाही सांगत नव्हतो ते तुम्हाला कुठून सांगणार? साहेब म्हणाले होते, सही कर, दिवाळीच्या आत तुला कायम करतो. मी केली. दिवाळी जवळ आली, आणि कायम झाला तो साहेबांचा भाचा. माझी तात्यांसाठीची तळमळ त्यानंतर उफाळून आली. मला कायम केलं असतं तर मी त्या दिवशी पहाटे चारला निमूटपणे जनरेटर लावला असता, याबद्दल मला आज तरी शंका नाही.

“खरं आहे का?” मॅडमनी मला विचारलं. “येत होता वास?”

माझ्या हातात हार होता. झेंडूच्या पाकळ्या खाली गळत होत्या. सगळं गाव बघत होतं. तात्यांना आश्चर्य वाटलेलं मला कुठंच दिसलं नाही. चौकशीच्या दिवशी तो कागद त्यांना वाचून दाखवला होता, खालच्या नावासकट. त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. आदल्या संध्याकाळी ओट्यावर बसून मी त्यांच्यासाठी बदला घेण्याच्या गप्पा मारत होतो तेव्हाही माहीत होतं.

त्यांनी काखेतली पिशवी उघडली आणि ती हिरवी नळी बाहेर काढली. माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

“धर,” तात्या म्हणाले. “हुंग. आन आता सांग.”

“तात्या...”

“हुंग रं. सगळ्यांम्होरं ल्हिवलं न्हवतंस, पर सगळ्यांम्होरं सांग.”

मी हार खाली ठेवला, नळीचं टोक नाकाशी नेलं. आतून हिरवट, बुळबुळीत झालेली ती नळी. विहिरीच्या कडेला येतो तसा वास.

“शेवाळाचा,” मी म्हणालो.

“ऐकू आलं न्हाई मागं,” तात्या म्हणाले.

“शेवाळाचा वास येतोय!” मी ओरडलो. “तवाबी शेवाळाचाच येत हुता! पाट्या धुवायची नळी हाय ही. डिझेल हितं जळत हुतं, मीच जाळत हुतो रोज, आन मी खोटी सही केली!”

साहेबांनी रुमालानं कपाळ पुसलं तेव्हा गंधही पुसलं गेलं. तात्यांनी माझ्या हातातून नळी काढून घेतली, नीट वेटोळं केलं आणि पिशवीत ठेवली. मग कोंडाबाईंना म्हणाले, “चला, वाफा बगू. काय ऱ्हायलं असंल तर.”

पुढच्या गोष्टी भराभर झाल्या. कोरगावकरांना कंपनीनं घरी बसवलं. मलाही बसवलं आणि ते बरोबरच होतं. तात्यांना मॅडमनी स्वतः येऊन परत बोलावलं, खरसुळ्याच्या टॉवरवर. त्यांनी अट घातली, आधी नव्या बॅटऱ्या. त्या आल्या. जिल्ह्यातल्या चाळीस टॉवरांना गोणपाटाचे झरोके झाले आणि ते करायला तात्या कंपनीच्या गाडीतून फिरले. पुढच्या वर्षी जनरेटर ट्रकमध्ये घालून नेला तेव्हा मी लांबून बघत होतो. त्या रिकाम्या शेडवर आता घेवड्याचा वेल आहे. थांब्यावर तोंडानं आवाज काढणारी पोरं गप्प झाली. मला मात्र गावात अजून ‘साक्षीदार’ म्हणतात.

याला अकरा वर्षं झाली. मी आता पंपांच्या जळालेल्या मोटारी भरायचं, म्हणजे वाइंडिंगचं, दुकान चालवतो.

त्या नवमीच्या दुसऱ्या दिवशी दसरा होता. संध्याकाळी गाव एकमेकांना आपट्याची पानं देत फिरत होतं. मीही तात्यांच्या ओट्यावर गेलो, पानं त्यांच्या हातात दिली, पायांवर डोकं ठेवलं. आमच्यात पानं घेतली की उलट आपलीही देतात, भांडण मिटलं असा त्याचा अर्थ. तात्यांनी माझी पानं घेतली आणि खिशात ठेवली. त्यांच्या शेजारी ताटात पानांचा ढीग होता. त्यांनी त्याला हात लावला नाही. माझ्यामागून आलेल्या कोंडाबाईंच्या पुतण्याला मात्र त्यातलीच पानं उचलून दिली.

दरवर्षी जातो. यंदाही गेलो. तात्यांनी पानं घेतली, खिशात ठेवली, “बस,” म्हणाले आणि आत चहा सांगितला. ओट्यावर पाहुण्यानं बसायची जागा एकच आहे, आणि तिथून समोर खुंटीवरची नळी दिसते. मी चहा पितो आणि रिकाम्या हातानं घरी येतो.